पोहरादेवी : नवसाचा बोकड आणि पिठाचा कोंबडा

चैत्र शुद्ध नवमीला रामनवमी आणि त्रयोदशीला भगवान महावीरांचे जन्मकल्याणक. या दोन तिथींमध्ये चारच दिवसांचे अंतर. वाशीम जिल्ह्यात या दिवसांत माणसांचे लोंढे दोन वेगळ्या दिशांना वाहतात. कारंजा लाड येथे आपल्या मंदिरांतून जयंतीची तयारी चालू असते, तर त्याच जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात, पोहरादेवी येथे, ठिकठिकाणचा बंजारा समाज लाखोंच्या संख्येने जमतो. आपले श्रावक-श्राविका कारंज्याची मंदिरे पाहतात, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन घेतात आणि परततात. पोहरादेवीची पाटी वाटेत दिसली तरी गाडी सहसा तिकडे वळत नाही. कारण बहुतेकांना ठाऊक असते, पण ते मोठ्याने कुणी बोलत नाही. ते कारण म्हणजे नवसाचा बोकड.

माझीही गाडी चाळीस वर्षे तिकडे वळली नव्हती. २०२५ साली रामनवमी ६ एप्रिलला होती आणि महावीर जयंती १० एप्रिलला. जयंतीसाठी कारंज्याला मुक्कामी गेलेला मी, दोन दिवस आधी पोहरादेवीला गेलो. का गेलो, हे सांगायचे तर १९८५ सालापर्यंत मागे जावे लागेल.

त्या वर्षी मी या भागातील एका ग्रामीण शाखेत क्षेत्र अधिकारी म्हणून रुजू झालो. वाशीम जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना दुधाळ जनावरे, शिलाईयंत्र, बैलजोडी यांसाठी कर्ज आणि अनुदान मिळे. कोरडवाहू भागात आणि तांड्यांवर सर्वाधिक मागणी असे ती शेळीगटाला. दहा शेळ्या आणि एक बोकड असा तो गट. प्रत्येक जनावराचा विमा उतरवायचा, कानाला क्रमांकाचा बिल्ला टोचायचा आणि जनावर दगावले तर तो बिल्ला दाव्याच्या कागदांना जोडायचा, अशी पद्धत होती.

मी एम.कॉम. झालेला, कारंज्याच्या आजोळी वाढलेला, रात्रिभोजन न करणारा मुलगा. सुटीत घरी गेल्यावर आईला मोठ्या उत्साहाने सांगितले की या महिन्यात चौदा शेळीगटांना कर्ज दिले. ती पोळ्या लाटत होती. लाटणे थांबवून म्हणाली, "शेळ्या दुधासाठी, हे कळलं. बोकडांचं पुढे काय होतं रे?" मी उत्तर दिले नाही. तीच म्हणाली, "कृत, कारित आणि अनुमोदना. तू कापत नाहीस, खरं आहे. पण तुझी सही कशात मोडते ते बघ." स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि केलेल्याला संमती देणे, या तिन्हींनी कर्मबंध होतो, हे तिने पाठशाळेत शिकलेले होते. मी शासकीय उद्दिष्टांचा आधार घेतला. ती पुन्हा लाटू लागली. तो प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्याजवळच राहिला.

पुढल्या वर्षी रामनवमीनंतर एका तांड्याचे नाईक शाखेत आले. बंजारा वस्तीला तांडा म्हणतात आणि तिच्या प्रमुखाला नाईक. डोक्याला पांढरा फेटा, अंगात बंडी. त्यांनी कमरेच्या कापडाची गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर एक बिल्ला ठेवला. शेळीगटातील बोकडाचा तो बिल्ला होता. मी सवयीने विम्याचा अर्ज काढला आणि विचारले, "कशाने मेला?"

"मेला नाही साहेब. देवीले दिला. पोराचा ताप उतरत नव्हता, तेव्हा बोललो होतो."

मी म्हणालो, "मग विमा मिळणार नाही. बँकेचं तारण होतं ते."

"विमा मागाले आलो नाही. बोकड तुमच्या कागदावर होता म्हणून सांगाले आलो. खोटं बोललो तर सेवाभाया पाहते."

शाखेत त्या वर्षी आलेल्या दाव्यांतील कितीतरी बिल्ले संशयास्पद होते. जनावर विकून बिल्ला आणून देणारे कमी नव्हते. हा गृहस्थ मात्र विमा नाकारत होता आणि हप्ता भरीन म्हणत होता. त्यांनी तो भरलाही. ते खाते मुदतीपूर्वी मिटले. मला उलगडेना ते असे की, ज्या श्रद्धेने या माणसाला खोटे बोलू दिले नाही, तिच्याच शेजारच्या श्रद्धेने त्याच्याकडून बोकड कापवून घेतला. दोन्ही गोष्टी एकाच तीर्थाशी बांधलेल्या होत्या. ते तीर्थ म्हणजे पोहरादेवी. माझी बदली झाली, पुढे अनेक बदल्या झाल्या, मी निवृत्त झालो. नाईकांचा मुलगा, ज्याचा ताप उतरावा म्हणून नवस बोलला गेला होता, तो शिकून शिक्षक झाला आणि अधूनमधून दूरध्वनी करीत राहिला. वडील गेल्याचेही त्यानेच कळवले. "साहेब, एकदा रामनवमीला या," हा त्याचा आग्रह दरवर्षीचा. या वेळी मी हो म्हणालो.

कारंज्याहून मानोऱ्याला आणि तेथून दिग्रसच्या रस्त्याला लागले की जमीन उंचसखल होत जाते. कपाशी-तुरीची शेते उन्हाळ्यात रिकामी, मधूनच पळसाची उरलेली फुले, टेकड्यांच्या उतारावर तांडे. रस्त्यावर ट्रॅक्टर, जीपगाड्या, मालमोटारी, त्यांवर पांढरे झेंडे. पांढरा झेंडा ही सेवालाल महाराजांची खूण. तेलंगण-कर्नाटकातील वाहनेही त्यांत होती. महिलांच्या अंगावर आरशांच्या टिकल्यांचे फेटिया आणि कांचळी हा पारंपरिक पोशाख होता, तर त्यांच्याच मुली जीन्स घालून त्यांची छायाचित्रे टिपत होत्या.

गावाजवळ पोहोचताच प्रथम दिसते ती नगाऱ्याच्या आकाराची भव्य इमारत. बंजारा समाजाचा इतिहास मांडणारे हे चार मजली संग्रहालय; त्याचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. नगारा हे तांड्याचे वाद्य. तो वाजला की तांडा जमतो, निवाडा होतो, सण सुरू होतो. एखाद्या समाजाने आपला इतिहास ठेवायला वाद्याचा आकार निवडावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटले, कारण या समाजाचा इतिहास मुख्यतः गाण्यांतूनच शिल्लक राहिलेला आहे. त्यांच्या गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, आंध्र-तेलंगणात तेलुगूत, कर्नाटकात कन्नडमध्ये.

आपण जैन मंडळी व्यापारी परंपरेतील. म्हणून या समाजाचा भूतकाळ आपल्याला विशेष जवळचा वाटायला हवा. रेल्वे येण्यापूर्वी या देशाचा माल वाहत होते ते बंजारे. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून किनाऱ्याचे मीठ आत आणि आतले धान्य बाहेर नेणाऱ्या या कारवानांना ते लदेणी म्हणत. मोगल सैन्याला रसद पुरवणारेही तेच. पेढीवरचा सावकार कागदावर जो सौदा करी, तो प्रत्यक्षात बैलांच्या पाठीवरून उतरे. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला आणि हा व्यवसाय मोडला. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७१ साली, ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. भटक्या जमातींतील माणूस जन्मतःच संशयित, ही त्या कायद्याची धारणा. तिचा शिक्का बंजाऱ्यांच्याही कपाळी बसला. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, या जमाती विमुक्त ठरल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजाऱ्यांचे नाव आजही आहे. पोहरादेवीपासून फार दूर नसलेल्या पुसद तालुक्यातील गहुली या गावी १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक याच समाजाचे. १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सांभाळले. जन्मजात गुन्हेगारीच्या शिक्क्यापासून राज्याच्या सर्वोच्च पदापर्यंतचे अंतर या समाजाने एका शतकाच्या आत पार केले.

व्यवसाय गेला, नाव बदनाम झाले, लेखी दफ्तर नव्हतेच. अशा काळात या माणसांनी 'आपण कोण' हे कशाच्या आधारे लक्षात ठेवले? त्याचे उत्तर पोहरादेवीत मिळते. येथे जगदंबेचे मंदिर आहे आणि जवळच संत सेवालाल महाराजांची समाधी. सेवालाल महाराजांचा जन्म १७३९ सालचा मानतात. आजच्या कर्नाटकातील दावणगेरे जिल्ह्यातील सुरगोंडनकोप्प हे त्यांचे जन्मस्थान मानले जाते आणि १५ फेब्रुवारीला त्यांची जयंती साजरी होते. वडील भीमा नाईक, आई धर्मणी. लोक त्यांना प्रेमाने सेवाभाया, म्हणजे सेवा भाऊ म्हणतात. खोटे बोलू नका, चोरी करू नका, दारूपासून दूर राहा, स्त्रीचा मान राखा, रानाची नि गाईगुरांची काळजी घ्या, हे त्यांच्या उपदेशाचे सार. पुढे एक दिवस पाणी विकत घ्यावे लागेल, असे त्यांनी सांगून ठेवल्याचेही श्रद्धेने सांगितले जाते. हे मला सांगणाऱ्या तरुणाच्या हातात पाण्याची विकतची बाटली होती. त्याने ती माझ्यापुढे धरली आणि तो हसला. समोरच एका तांड्याच्या मुलांनी फुकट पाण्याचे रांजण मांडले होते. "सेवाभायाचं बोलणं खरं झालं, म्हणून आम्ही इथे उभे आहोत," असे त्यांच्यातील एकाने सांगितले. भाकीत खरे झाले याचा अभिमान आणि ते आपल्यापुरते खोटे पाडण्याची धडपड, दोन्ही त्या एका रांजणाशी होते.

आणि मग ती कथा, जी या तीर्थाच्या मुळाशी आहे. देवी जगदंबेला सेवालाल आपला भगत म्हणून हवा होता. सेवालालांनी नकार दिला. देवीला बळी लागतो आणि आपण जीव घेणार नाही, हे त्या नकाराचे कारण म्हणून सांगतात. देवी कोपली. तांड्यावर संकटामागून संकट आले. शेवटी दोघांत समेट झाला आणि देवीने त्यांना मार्ग दाखवण्याचे वचन दिले. समेट कोणत्या अटींवर झाला, हे मात्र निरनिराळ्या तांड्यांवर निरनिराळे सांगतात. कुणी म्हणतात, देवीने बळीचा हट्ट सोडला. कुणी म्हणतात, देवीला तिचे आणि सेवालालांना त्यांचे, असा मधला रस्ता निघाला. म्हणूनच सेवालालांपुढे गूळ, तूप, गोड रव्याचा भोग अग्नीत अर्पण करतात आणि देवीच्या नावाने मात्र बोकड कापला जातो. एकाच कथेला दोन शेवट आहेत आणि आजही प्रत्येक कुटुंबाला त्यांपैकी एक निवडावा लागतो. बळीची प्रथा थांबावी म्हणून समाजातील साधुसंतांनी, सुशिक्षितांनी आणि समाजाबाहेरील कार्यकर्त्यांनीही वेळोवेळी आवाहने केली आहेत. ३० ऑक्टोबर २०२० रोजी निवर्तलेले येथील धर्मगुरू संत रामराव महाराज स्वतः आजन्म ब्रह्मचारी आणि निर्व्यसनी जीवन जगले. तरीही नवस संपलेले नाहीत.

मी ज्या घरी उतरलो, तेथेही हीच निवड पुढ्यात होती. शिक्षकाच्या मुलाला आदल्या वर्षी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. आजीने, म्हणजे माझ्या जुन्या खातेदाराच्या पत्नीने, परीक्षेच्या वेळी देवीला बोकड बोलला होता. सारा तांडा तिला याडी म्हणतो. याडी म्हणजे आई. बोकड दारातच बांधलेला होता. काळा, कपाळावर पांढरा ठिपका. शिक्षकाचे म्हणणे होते की, आपण सेवाभायाचे नाव घेतो, तर बोकड कापायचा नाही. याडीचे म्हणणे होते की, शब्द मी दिलेला आहे. "तू बारका होतास तेव्हा तुझ्या बापाने दिला म्हणून तू आज बोलतो आहेस," असे ती म्हणाली आणि त्यावर मुलगा गप्प झाला. त्या बोकडाचे कर्ज मी मंजूर केले होते. मीही गप्प होतो.

सायंकाळी ऊन उतरण्याआधीच तिने माझे ताट वाढले. "तुमचं दिवस बुडायच्या आत असते ना," एवढेच म्हणाली. चाळीस वर्षांपूर्वी एकदाच मी त्यांच्याकडे जेवलो होतो.

जेवण झाल्यावर मी शिक्षकाला बाजूला घेतले आणि आपल्या माणसाला जे सर्वांत प्रथम सुचते ते सुचवले. म्हणालो, "बोकडाची किंमत मी देतो. पांजरपोळात सोडू. जीवदयेचं पुण्य दोघांनाही." त्याने शांतपणे नकार दिला. "साहेब, तुम्ही पैसे देऊन सोडवला तर तो तुमचा बोकड होईल. तुमचं मन मोकळं होईल. याडीच्या मनातली भीती तिथेच राहील आणि पुढच्या वर्षी दुसरा बोकड येईल. हे आमचं आम्हालाच सोडवू द्या."

मला हे लागले, कारण ते खरे होते. चाळीस वर्षांपूर्वी बोकडासाठी कर्ज दिले, आता बोकड सोडवायला पैसे देत होतो. दोन्ही वेळा माझा व्यवहार पैशाचा होता. नवस मात्र पैशाचा व्यवहार नव्हता. तो भीती आणि कृतज्ञता यांचा होता.

मग मी ओसरीवर याडीपाशी जाऊन बसलो आणि तिला एक गोष्ट सांगितली. ती आपल्या सर्वांच्या परिचयाची, यशोधर राजाची. दहाव्या शतकात महाकवी पुष्पदंतांनी ती अपभ्रंश भाषेत 'जसहरचरिउ' या नावाने रचली. त्या काव्याची संशोधित आवृत्ती डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी सिद्ध केली आणि १९३१ साली ती कारंजा जैन ग्रंथमालेतून प्रकाशित झाली. म्हणजे ही कथाही याच मातीतून नव्याने छापली गेली. याडीला मी यातले काही सांगितले नाही. एवढेच सांगितले : एका राजाला वाईट स्वप्न पडले. आई म्हणाली, देवीला जीव दे. राजा म्हणाला, जीव घेणार नाही. शेवटी आईच्या समाधानासाठी पिठाचा कोंबडा केला आणि त्याच्यावर सुरी चालवली. पीठच ते, पण मारण्याचा भाव खरा होता. त्या एका भावापायी आई आणि मुलगा यांना कितीतरी जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत काढावे लागले. अखेर ते जुळे भाऊ-बहीण होऊन जन्मले आणि दुसऱ्या एका राजाने त्यांनाच देवीपुढे बळी म्हणून उभे केले. तेथे त्यांनी आपली कहाणी सांगितली. ती ऐकून राजाने शस्त्र टाकले आणि स्वतः देवीनेही हिंसा सोडली.

याडीने सारे ऐकले. मग विचारले, "देवीने सोडली? तिने स्वतः?"

"हो, स्वतः."

"आमच्याही गोष्टीत असंच आहे," ती म्हणाली आणि सेवाभाया व जगदंबा यांची कथा तिने आपल्या शब्दांत सुरुवातीपासून सांगितली. तिच्या सांगण्यात शेवट कोणता येतो, याकडे घरातील सारे कान देऊन होते. देवी हसली आणि सेवाभायाच्या हातचे गोड खाऊन तृप्त झाली, असा शेवट तिने केला. केला खरा, पण बोकडाबद्दल ती काही बोलली नाही. रात्रभर ओसरीवर तो ओरडत होता. मला झोप आली नाही. बहुधा कुणालाच आली नसावी.

पहाटे घरचे सारे समाधीवर गेले. मीही गेलो. याडीने आपल्या हाताने गूळ-तुपाचा भोग अग्नीत टाकला, अरदास म्हटली, आणि तेथून ती एकटीच जगदंबेच्या मंदिरात शिरली. बोकड घरीच होता. परतल्यावर नातवाने भीतभीत विचारले, "आजी, देवीला काय सांगितलं?" ती म्हणाली, "सांगितलं की पोरगा शिकेल, लोकांचे जीव वाचवील, तेच तुझं देणं समज. आणि म्हातारीचं चुकत असंल तर मला धर. त्याच्या वाटेला जाऊ नको."

वाचकहो, अहिंसेवर मी आयुष्यभर अनेक प्रवचने ऐकली. पण देवीच्या कोपाची खरोखर भीती असलेल्या एका वृद्धेने तो कोप स्वतःच्या अंगावर घेण्याची तयारी दाखवून एक जीव सोडून द्यावा, याइतके अवघड अहिंसाव्रत मी पाहिलेले नाही. आपल्याला अहिंसा वारशाने मिळाली. तिने ती आदल्या रात्रीच्या जागरणातून मिळवली होती.

त्याच यात्रेत इतर राहुट्यांमागे चुली पेटल्या होत्या आणि त्यांवर काय शिजत होते ते वासावरून कळत होते. हे मी लपवणार नाही. एका घराने एक शेवट निवडला, शेजारच्याने दुसरा.

पुराणकथांचे आधुनिक जगात काय काम, असे आमची नातवंडे विचारतात. आपले राज्य धर्मनिरपेक्ष आहे, कायदा आहे, विज्ञान आहे. मग सेवालाल आणि यशोधर कशासाठी? मला त्याचे उत्तर परतीच्या वाटेवर सुचले. आपल्या राज्यघटनेच्या कलम ५१ क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये दिली आहेत. ती १९७६ साली समाविष्ट झाली. सजीवांबद्दल करुणा बाळगणे आणि वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे, ही दोन्ही कर्तव्ये त्यांत लागोपाठ येतात. शिक्षकाच्या वर्गात ती भिंतीवर लावलेली आहेत. ती योग्य आहेत आणि आवश्यकही. पण याडीने ती वाचलेली नव्हती, आणि वाचली असती तरी देवीला दिलेला शब्द तिने कलमाच्या आधारे मागे घेतला नसता. तिला देवीशी देवीच्या भाषेतच बोलावे लागले. घटनेने जे कर्तव्य म्हणून सांगितले, ते तिने कथेच्या वाटेने स्वीकारले. वऱ्हाडच्याच गाडगेबाबांनी आपल्या मुलीच्या बारशाला मांस-दारूचे जेवण नाकारून गोडाची पंगत घातली, तेव्हा तेही असेच आपल्या पंगतीत बसून बोलले होते. बाहेरून आलेला उपदेश, मग तो शासनाचा असो की माझ्यासारख्या बोकड विकत घेऊ पाहणाऱ्या श्रावकाचा, उंबऱ्याशी थांबतो. आतली कथा चुलीपर्यंत जाते. मात्र कथा आपोआप चांगली नसते. तिचा कोणता शेवट पुढच्या पिढीला सांगायचा, हे कुणाला तरी एका रात्री ठरवावे लागते.

हे लिहिताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. पोहरादेवी ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात शिरपूर. अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती एकेकाळी भूमीपासून इतकी उंच अधांतरी होती की तिच्याखालून घोडेस्वार जाऊ शके, अशी आपली परंपरागत कथा. ज्या भगवंताने जमिनीचाही आधार घेतला नाही, त्याच्या पूजेच्या हक्कावरून आपल्याच दोन आम्नायांत वाद झाला, आणि १९८१ साली मंदिराला लागलेले कुलूप सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली उघडले. कोणाची बाजू बरोबर, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही आणि येथे तो विषयही नाही. पण मूर्ती अधांतरी होती ही कथा आपण मुलांना सांगतो, तेव्हा तिचा अर्थ काय सांगतो? चमत्कार, एवढाच? की भगवंत कुणाच्या ताब्यात नसतो, हा? याडीपुढे जसे दोन शेवट होते, तसे आपल्यापुढेही आहेत.

कारंज्याला पोहोचलो. १० तारखेला पालखी निघाली, मुलांनी जीवदयेच्या घोषणा दिल्या, पांजरपोळासाठी निधी जमला. मीही माझा वाटा दिला. देताना आईचा प्रश्न आठवला. तुझी सही कशात मोडते? कारितात की अनुमोदनेत? चाळीस वर्षांत त्याचे उत्तर मला सापडले नव्हते. ते अजूनही पुरते सापडलेले नाही. पण त्या सायंकाळी शिक्षकाचा दूरध्वनी आला. याडीने बोकडाच्या गळ्यात पांढऱ्या कापडाची पट्टी बांधली होती आणि तांड्यावर सांगून टाकले होते की हा सेवाभायाचा आहे, याला कुणी हात लावायचा नाही.

मी म्हणालो, "याडीला माझा नमस्कार सांगा."

तो म्हणाला, "तीच विचारते आहे, साहेब पुढच्या रामनवमीला येतील का."

यापुढे कारंजा-शिरपूरच्या यात्रेला निघाल तेव्हा एक दिवस हाताशी ठेवा आणि पोहरादेवीच्या पाटीपाशी गाडी वळवा, एवढीच विनंती. शिकवण्यासाठी जाऊ नका. बसा, आणि त्यांची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐका. कुणी विचारले तर आपलीही सांगा.